रोमन सरकार आणि पहिले ख्रिस्ती: बिनसलं नेमकं कुठे?

तारीख १७ जुलै, इ.स. १८०. ठिकाण कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं शहर. रोमन प्रांताधिकारी सॅटर्निनस (आपण त्याला सुभेदार म्हणू) सुनावणीला बसला आहे आणि समोर स्किली नावाच्या लहानशा गावचे काही ख्रिस्ती स्त्री-पुरुष उभे आहेत. या सुनावणीची लॅटिन नोंद आजही वाचायला मिळते. पानभर मजकूर, तोही इतका कोरडा की कचेरीतल्या कारकुनानं उतरवून घेतल्यासारखा वाटतो.

सुभेदार सुरुवातीलाच सांगून टाकतो, की शहाण्यासारखे वागलात तर सम्राटाची माफी मिळेल. गटातर्फे बोलणारा स्पेराटस म्हणतो, आम्ही कुणाचं वाईट केलेलं नाही, आम्ही सम्राटाला मान देतो. त्यावर सॅटर्निनस म्हणतो: आम्हीही धार्मिक माणसं आहोत आणि आमचा धर्म साधा आहे. आम्ही सम्राटाच्या रक्षक देवतेची शपथ घेतो आणि त्याच्या खुशालीसाठी प्रार्थना करतो, तुम्हीही तेच करायला हवं. स्पेराटस म्हणतो, शांतपणे ऐकलंत तर खरा साधेपणा काय असतो ते सांगतो. सुभेदार लगेच त्याला तोडतो. आमच्या पवित्र गोष्टींची निंदा करणार असशील तर मी ऐकणार नाही, आधी शपथ घे. मग स्पेराटस म्हणतो, ‘या जगाचं साम्राज्य मी ओळखत नाही’; आणि पाठोपाठ जोडतो की मी चोरी केलेली नाही, काही विकत घेतलं तर त्यावरचा कर भरतो.

या एका उत्तराचा पहिला अर्धा भाग सुभेदाराच्या कानांनी ऐकला तर तो उघड राजद्रोह आहे. दुसरा अर्धा भाग स्पेराटसच्या मनातून बघितला तर तो स्वतःला चांगला, कायदा पाळणारा नागरिकच समजतो आहे. त्याच गटातली डोनाटा नावाची बाई तर हे आणखी नेमकं सांगते, की कैसराला, म्हणजे सम्राटाला, कैसर म्हणून मान द्यावा, पण भय देवाचंच बाळगावं. तिच्या दृष्टीनं यात सम्राटाचा अपमान कुठेच नाही. सुभेदाराच्या दृष्टीनं मान द्यायची एक ठरलेली रीत आहे आणि तीच ही बाई नाकारते आहे.

सॅटर्निनसनं विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. बारा जणांचा शिरच्छेद झाला.

रोमन सम्राट म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या रक्ताला चटावलेले राक्षस, आणि ख्रिस्ती लोक तीनशे वर्षं तळघरांत लपून बसलेले, असं चित्र सिनेमांमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. सॅटर्निनस त्या चित्रात बसत नाही. त्याला ही माणसं मारायची नव्हती, त्याला प्रकरण मिटवायचं होतं. इ.स. २४९ च्या अखेरपर्यंत सबंध साम्राज्याला लागू होईल असा एकही हुकूम ख्रिस्ती लोकांना जाचक ठरला, असं दिसत नाही. इ.स. ६४ मध्ये रोमला भीषण आग लागली आणि नीरोनं तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, त्यांना जिवंत मशालींसारखं जाळलं, हे खरं. पण ते रोम शहरापुरतं होतं. एरवी छळ व्हायचा तो कुठल्या तरी एका शहरात, कुणीतरी तक्रार केली म्हणून किंवा जमाव भडकला म्हणून. दहा-वीस वर्षं काहीच नाही, मग एकदम भडका. मग हे सारखं पेटत का होतं?

त्यासाठी रोमन माणूस धर्म कशाला म्हणायचा ते आधी बघावं लागेल. आपल्याकडे कुळाचार असतो. वर्षातून अमुक दिवशी कुलदेवतेला नैवेद्य दाखवायचा, तळी भरायची. घरातला मुलगा देव मानतो की नाही हे कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी त्यानं हात जोडायला नकार दिला तर घर हादरतं, कारण त्या नकाराचं फळ त्याच्या एकट्याच्या नाही, सगळ्या घराच्या वाट्याला येणार असतं. रोमन राज्याचा धर्म बराचसा असा होता. देवांशी एक करार आहे: आपण यज्ञ, बळी, धूप वेळच्या वेळी करायचं आणि देवांनी पीक, पाऊस, विजय सांभाळायचे. मनात काय आहे याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. तुम्ही इजिप्तची इसिस पुजा, इराणी नावाचा मिथ्रास पुजा, खुशाल पुजा. फक्त सार्वजनिक देवांचा हक्क चुकवू नका.

ख्रिस्ती माणसासाठी मात्र कृती आणि श्रद्धा वेगळ्या काढता येत नव्हत्या. वेदीवर चिमूटभर धूप टाकणं म्हणजे ‘हाही देव आहे’ असं तोंडानं म्हणण्यासारखंच. शिवाय त्यातले बरेच जण त्या मूर्तींमागे काहीच नाही असं मानत नसत, तिथे दुष्ट आत्मे आहेत असं मानत. म्हणजे सुभेदार ज्याला शिष्टाचार समजत होता, त्याला समोरचा माणूस सैतानाशी सोयरीक समजत होता. आणि समोरचा ज्याला विवेक म्हणत होता, त्याला सुभेदार निव्वळ अडेलतट्टूपणा समजत होता.

करार मोडला की देव कोपणार. म्हणून भूकंप, साथ, दुष्काळ आला की लोक बोट दाखवायचे कुणाकडे, हे सांगायला नको. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन, वकिली थाटाचा आणि जिभेला धार असलेला, इ.स. १९७ च्या सुमारास चिडून लिहितो, की टायबर नदी तटाला भिडली, नाईलचं पाणी शेतात आलं नाही, पाऊस थांबला, धरणी हलली, की लगेच ओरड सुरू: ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका! आणि मिश्कीलपणे विचारतो, सगळ्यांना एकाच सिंहापुढे?

गंमत म्हणजे त्यांच्यावर सर्रास होणारा आरोप नास्तिकतेचा होता. ज्यांचा देव दिसत नाही, ज्यांना मंदिर नाही, मूर्ती नाही, बळी नाही, ते नास्तिक नाहीत तर कोण? स्मर्ना शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याला इ.स. १५५ च्या आसपास क्रीडागारात उभं केलं, तेव्हा सुभेदारानं त्याला सुटकेचा सोपा मार्ग सुचवला: फक्त ‘नास्तिकांचा नायनाट होवो’ एवढं म्हण. पॉलिकार्पनं ओरडणाऱ्या गर्दीकडे नजर टाकली, तिच्याकडे हात केला, आभाळाकडे बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाला, ‘नास्तिकांचा नायनाट होवो.’ शब्द तेच, नास्तिक मात्र दुसरे. या सगळ्या इतिहासात इतकी नेमकी जागा मला दुसरी सापडलेली नाही.

ज्यू लोकही मूर्ती पुजत नव्हते, एकच देव मानत होते. त्यांना कसं चालवून घेतलं? कारण त्यांचा धर्म जुना होता. वाडवडिलांकडून आलेली रीत कितीही विचित्र वाटली तरी रोमन माणूस तिला मान द्यायचा. शिवाय यरुशलेमच्या मंदिरात सम्राटाच्या कल्याणासाठी रोज बळी दिला जायचा. सम्राटाला नव्हे, सम्राटासाठी. इ.स. ६६ च्या ज्यूंच्या बंडापर्यंत ही तडजोड उत्तम चालली. ख्रिस्ती चळवळ सुरुवातीला रोमन अधिकाऱ्यांना ज्यूंचाच एक फाटा वाटत होती, आणि या गैरसमजानं ख्रिस्ती लोकांचं भलंच झालं. ग्रीसमधल्या करिंथ शहरात ख्रिस्ती प्रचारक पौलावर फिर्याद झाली तेव्हा सुभेदार गॅलियोनं (तत्त्वज्ञ सेनेकाचा हा भाऊ) ‘तुमच्या धर्मशास्त्रातले शब्दांचे वाद तुम्हीच बघा’ म्हणून सगळ्यांना हाकलून दिलं. पुढे फरक कळला, आणि कळला तसा त्रास वाढला. हे लोक ना धड ज्यू, ना आपल्या बापजाद्यांचे देव पुजणारे. जुनं सोडलेलं आणि नवं कालपरवाचं, म्हणजे रोमन मोजपट्टीवर दोन्हीकडून नापास.

बाळं खाण्याच्या अफवेशिवाय हा विषय कुणी सांगत नाही, तेव्हा तीही बघू. ख्रिस्ती लोक पहाटे किंवा रात्री बंद दारांआड जमत. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत, शांतीचं चुंबन घेत, आणि कुणाचं तरी शरीर खातात, रक्त पितात असं त्यांच्याच तोंडून ऐकू येई. प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस यांनाच ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या शेजाऱ्यानं यातून काय जुळवलं असेल? नव्या माणसापुढे पिठानं झाकलेलं मूल ठेवतात, त्याच्याकडून नकळत वार करून घेतात; मग दिव्याला बांधलेल्या कुत्र्यापुढे तुकडा टाकतात, कुत्रा झेपावतो, दिवा विझतो आणि अंधारात नात्यागोत्याचा विचार न करता व्यभिचार चालतो, असं उघड बोललं जाई. शिकलेसवरलेले लोकही हे खरं मानत.

इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात या अफवेनं जीव घेतले. ख्रिस्ती घरांतल्या ख्रिस्ती नसलेल्या गुलामांना पकडलं आणि छळाच्या भीतीनं त्यांनी हेच सगळं कबूल केलं. तिथेच बिब्लिस नावाची एक बाई होती. ती आधी घाबरून मी ख्रिस्ती नाही म्हणाली होती. तिच्याकडून इतरांविरुद्ध वदवून घ्यायला तिचा पुन्हा छळ केला तेव्हा ती उसळून म्हणाली, ज्यांना जनावराचं रक्तसुद्धा वर्ज्य, ती माणसं मुलं कशी खातील? तिला पुन्हा ख्रिस्ती लोकांत धरलं गेलं. तिथल्या अधिकाऱ्यानं सम्राट मार्कस ऑरेलियसकडे विचारणा केली. उत्तर आलं: नाकारतील त्यांना सोडा, बाकीच्यांना ठार करा. आता विचार करा. ही माणसं खरोखर मुलं मारून खातात असं सम्राटाला वाटत असतं, तर ‘आता मी त्यातला नाही’ एवढ्या शब्दावर त्यानं कुणाला सोडलं असतं का? खुनी माणूस पश्चात्ताप झाला म्हणून सुटत नाही. म्हणजे वरच्या पातळीवर अफवेवर कुणाचा विश्वास नव्हता, तरी शिक्षा कायम होती.

याचा पक्का पुरावा साठ-पासष्ट वर्षं आधीच्या पत्रव्यवहारात आहे. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा बिथिनिया-पाँटसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकडच्या भागाचा सुभेदार होता. प्रामाणिक माणूस, पण प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सम्राट ट्रेजनला विचारणारा. एकदा त्यानं लिहिलं, की निकोमेडिया शहरात मोठी आग लागली, पाण्याचा पंप नाही, बादल्या नाहीत, लोक नुसते बघत उभे होते. तर दीडशे जणांचं अग्निशामक पथक नेमू का? मी लक्ष ठेवीन. ट्रेजननं चक्क नाही म्हटलं. अशा मंडळांनीच तिथल्या शहरांत गोंधळ घातले आहेत, नाव काहीही द्या, एका कामासाठी जमलेली माणसं बघता बघता राजकारण करू लागतात. त्यापेक्षा आग विझवायचं सामान ठेवा आणि घरमालकांना वापरू द्या.

जे सरकार बंबवाल्यांच्या मंडळालाही घाबरतं, त्याच्या नजरेनं पहाटे ठरल्या दिवशी जमून शपथ घेणारा गट बघा.

प्लिनीपुढे ख्रिस्ती लोकांच्या फिर्यादी आल्या तेव्हा तो गोंधळला. अशा खटल्यांना मी कधी हजर नव्हतो, असं तो लिहितो. नुसतं ख्रिस्ती नाव हाच गुन्हा, की त्या नावाशी जोडलेली दुष्कृत्यं हा गुन्हा? वयाचा विचार करायचा का? ख्रिस्ती धर्म सोडला तर माफी? उत्तर येण्याआधीच त्यानं एक पद्धत मात्र ठरवून टाकली होती. तू ख्रिस्ती आहेस का, असं तीनदा विचारायचं, शिक्षेची धमकी द्यायची, आणि तरीही हो म्हणणाऱ्याला ठार करायचं. रोमन नागरिक असेल तर रोमला पाठवायचं. कारण म्हणून तो म्हणतो, त्यांची श्रद्धा काहीही असो, हट्ट आणि न वाकणारा ताठा यांना शिक्षा व्हायलाच हवी. मग कुणीतरी निनावी यादी आणून टाकली, पुष्कळ नावांची. नाकारणाऱ्यांकडून त्यानं देवांचा धावा करून घेतला, ट्रेजनच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहून घेतलं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावले. खरा ख्रिस्ती हे करत नाही, असं त्यानं ऐकलं होतं.

त्यातल्या जुन्या, सोडून गेलेल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला सगळं सांगितलं. ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमायचो, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचो, शपथ घ्यायचो. शपथ कसली? चोरी नाही, दरोडा नाही, व्यभिचार नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, ठेव मागितली की नाकारायची नाही. मग पुन्हा जमून जेवण, साधं आणि निरुपद्रवी. तुमचा मंडळबंदीचा हुकूम निघाल्यावर तेही बंद केलं. प्लिनीचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यानं दोन गुलाम स्त्रियांचा, ज्यांना त्या समाजात सेविका म्हणत, छळ करून खात्री करून घेतली. हाती लागली ती एक विकृत, बेफाम अंधश्रद्धा, बस. ना नरमांस, ना कट.

म्हणजे गैरसमज इथेच दूर झाला, तोही लेखी. आणि प्लिनीनं मारलेल्या माणसांबद्दल पत्रात एक शब्दही पस्तावा नाही.

ट्रेजनचं उत्तर चार-पाच ओळींचं आहे. यांना शोधत फिरू नका. कुणी रीतसर समोर आणलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा करा. आमच्या देवांची पूजा करून दाखवील त्याला पूर्वी काहीही असला तरी माफी. निनावी पत्रं मुळीच घ्यायची नाहीत, तसलं काही आमच्या काळाला शोभत नाही. टर्टुलियननं पुढे या हुकुमाची चिरफाड केली: दोषी आहेत तर शोधत का नाही? निर्दोष आहेत तर शिक्षा का? इतर गुन्हेगारांचा छळ तुम्ही कबुलीसाठी करता, आमचा मात्र नाकारण्यासाठी करता! तर्काला त्याचं म्हणणं बिनतोड आहे. पण राज्य चालवणाऱ्या माणसाच्या खुर्चीतून ट्रेजनचं उत्तरही मला कळतं. त्याला दुष्मनी वाढवायची नव्हती आणि कायद्यापुढचा हट्टही पचवायचा नव्हता. असे हुकूम सोयीचे असतात, आणि त्यांखाली कोण कधी भरडला जाईल ते शेजाऱ्याच्या मर्जीवर राहतं.

राज्य या शब्दानं वेगळाच घोळ घातला. येशूला मारलं तेच ‘यहुद्यांचा राजा’ अशी पाटी लावून. त्याचे अनुयायी येणाऱ्या राज्याची भाषा बोलत. युसेबियस या इतिहासकारानं जुन्या लेखकाच्या आधारे एक कथा दिली आहे. येशूचा भाऊ म्हटल्या जाणाऱ्या यहुदाच्या दोन नातवंडांना सम्राट डोमिशियनपुढे उभं केलं. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे मिळून जेमतेम ३९ प्लेथ्रा (हे जुनं ग्रीक माप) जमीन आहे, तीच कसतो आणि कर भरतो. त्यांनी घट्टे पडलेले हात दाखवले. राज्याबद्दल विचारलं तर म्हणाले, ते या जगातलं नाही, युगाच्या शेवटी येणार आहे. डोमिशियननं ही साधीभोळी शेतकरी माणसं म्हणून सोडून दिलं. कथा जशीच्या तशी घडली की नाही हा भाग वेगळा, पण ख्रिस्ती लोकांना सरकारनं आपल्याला असं समजून घ्यावं असं वाटत होतं, हे तिच्यातून कळतं.

पण सरकारचा संशय अगदीच हवेतला होता असं म्हणणं ख्रिस्ती बाजूला फार झुकतं माप देणं होईल. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, ‘राजाचा मान राखा’ असं पेत्राच्या पत्रात आहे, आणि त्याच नव्या करारातल्या प्रकटीकरणात रोमला बाबेल म्हटलं आहे, तिला संतांच्या रक्तानं धुंद झालेली वेश्या ठरवून तिच्या राखरांगोळीवर जल्लोष केला आहे. दोन्ही गोष्टी एकाच समाजात वाचल्या जात होत्या. आणि काहींना मरणाची घाईही होती. आशिया प्रांताचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानचा) सुभेदार अरियस अँटोनिनस याच्यापुढे एका शहरातले ख्रिस्ती घोळक्यानं आपणहून येऊन उभे राहिले. त्यानं काहींना शिक्षा केली आणि बाकीच्यांना म्हणाला, अरे अभाग्यांनो, मरायचंच असेल तर उडी टाकायला कडे आहेत, दोऱ्या आहेत की. हे टर्टुलियननंच अभिमानानं नोंदवून ठेवलं आहे. सुभेदाराची हतबलता त्याला दिसलीच नाही.

इ.स. २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मुक्त लोकांना रोमन नागरिकत्व मिळालं. पुढच्या तीसेक वर्षांत सीमा खचल्या आणि सम्राट पटापट मारले गेले. अशात डेसियस गादीवर आला आणि इ.स. २४९-५० मध्ये त्यानं फर्मान काढलं, की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि त्याचा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर ठरलेला: मी कायम देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे मद्य वाहिलं, बळी दिला, प्रसाद चाखला, कृपया खाली सही करावी. त्यातला एक दाखला पेतेसुखोस या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे! तिला कोण ख्रिस्ती म्हणणार होतं? ख्रिस्ती लोकांना शोधून काढणं हा डेसियसचा हेतूच नसावा, त्याला सगळ्या नागरिकांची हजेरी देवांपुढे लावायची होती. ख्रिस्ती लोकांनी मात्र तो हुकूम आपल्यावरच रोखलेला आहे असं वाचलं. परिणाम त्यांच्यावरच सर्वांत जास्त झाला, त्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. कित्येकांनी बळी दिला, कित्येकांनी लाच देऊन नुसता दाखला विकत घेतला, आणि या लोकांना परत मंडळीत घ्यायचं की नाही यावर पुढे ख्रिस्ती समाजच फुटला.

इ.स. ३०३ पासूनचा सम्राट डायोक्लेशियनचा छळ वेगळ्या जातीचा होता. तो जाणूनबुजून ख्रिस्ती लोकांवरच होता, प्रार्थनाघरं पाडणारा, ग्रंथ जाळणारा. एव्हाना कोण काय मानतं हे दोन्ही बाजूंना व्यवस्थित ठाऊक होतं. आठ वर्षांनी, ३० एप्रिल ३११ रोजी, आजारानं सडत चाललेल्या सम्राट गॅलेरियसनं माघार घेतली. त्याचं फर्मान वाचण्यासारखं आहे. तो म्हणतो, हे लोक पूर्वजांची रीत सोडून मनाला येईल ते करत होते, आम्ही त्यांना वळणावर आणायला बघितलं. आता दिसतं असं की ते आमच्या देवांनाही पुजत नाहीत आणि स्वतःच्या देवाचीही पूजा करत नाहीत. म्हणजे त्याचा हिशेब अजून तोच जुना: कुठल्याच देवाला काही न पोचणं सगळ्यांत वाईट. म्हणून तो परवानगी देतो आणि बदल्यात मागतो एवढंच, की त्यांनी त्यांच्या देवाकडे आमच्या, राज्याच्या आणि स्वतःच्या कुशलतेसाठी प्रार्थना करावी. टर्टुलियननं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, की सम्राटाला दीर्घायुष्य, सुरक्षित राज्य, शूर सैन्य, प्रामाणिक प्रजा लाभावी म्हणून आम्ही प्रार्थना करतच असतो.

गॅलेरियस काही दिवसांतच वारला. पूर्वेकडे त्याच्यामागून आलेल्या मॅक्सिमिनसकडे शहरांचे अर्ज येऊ लागले. त्यातला एक दगडावर कोरलेला तुर्कस्तानातल्या अरिकांडा इथे सापडला आहे. लिसिया आणि पॅम्फिलियाच्या लोकांची त्यात विनंती आहे, की फार काळ वेडात वागणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आता एकदाचं आवरावं, म्हणजे कुठल्याशा नव्या पूजेमुळे देवांच्या मानाला धक्का लागणार नाही.